चौसष्टाव्या किटलीतलं पाणी

शेषा,

मशीन चुकलं होतं. तू बरोबर होतास.

खरं म्हणजे मशीनही चुकलं नव्हतं. मी चुकलो होतो. आणि हे मला तू कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघालास त्याच दिवशी दुपारी कळलं होतं. तुझा ट्रॅक्टर तेव्हा फार तर सिरसाळ्याच्या पुढं गेला असेल. मोटारसायकल काढली असती तर गाठलं असतं तुला. मी काढली नाही. त्यानंतर वीस-बावीस वर्षं आपण एका गावात राहिलो, एका टपरीवर चहा प्यालो, तुझ्या लेकीच्या लग्नात मी पंगत वाढली, आणि हे वाक्य मी उच्चारलं नाही. आता उच्चारतोय तर ऐकायला तू नाहीस. ह्याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. कळलं तर लिहीन म्हणून थांबलो होतो, पण दहावा होऊन गेला तरी कळलं नाही. म्हणून न कळताच लिहितोय.

तू म्हणायचास, "मध्या, तू बोलतोस कमी अन गिळतोस जास्त." खरं आहे. आज सुरुवातीपासून सांगतो.

आपल्या दूध संस्थेत दूध तपासायचं ते मशीन बसवायचं ठरलं तेव्हा तपासणी तुझ्याच हातात होती. काचेच्या नळीत ॲसिड, त्यावर दूध, मग ते फिरवायचं यंत्र, आणि नळी डोळ्यासमोर उभी धरून फॅटची रेघ वाचायची. रेघ वाचताना तू एक डोळा मिटायचास आणि तोंड उघडं राहायचं तुझं. त्यावरून लोक हसायचे. मी पॉलिटेक्निक करून, औरंगाबादेत दोन वर्षं घालवून परत आलेलो. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून मला एक कार्ड मिळालं होतं. कॉम्प्युटरच्या आत बसवायचं, बाहेरच्या यंत्राची वायर त्याला जोडायची, आणि जे मोजलं जाईल ते कार्ड आपलं आपण कॉम्प्युटरच्या मेमरीत लिहून टाकायचं. प्रोसेसरला विचारायचं नाही, प्रोग्रॅमला विचारायचं नाही. जागा एकदा सांगितली की थेट तिथं. मला त्याचं फार कौतुक. तुला सांगताना माझे हात हलायचे.

तू विचारलं होतंस, "जागा म्हंजी? कुठली जागा? दाव की मला."

मी म्हणालो, "दाखवता येत नाही. नंबर असतो तिचा."

"मग तुला तरी कसं माहीत, तिथंच लिवतंय म्हणून?"

मी हसलो. हसायला नको होतं. तेवढाच एक प्रश्न होता सगळ्या प्रकरणात, आणि तो तू पहिल्याच दिवशी विचारला होतास.

पहिलं वर्ष सगळं ठीक गेलं. प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा, डॉसमधला. त्यात प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि मेमरीतली खरी जागा यांच्यात फरक नसतो. दोन आकडे असतात. पहिल्याला सोळानं गुणायचं, दुसरा मिळवायचा, झाली खरी जागा. ती कार्डाला सांगायची. पण सभासदांची नावं मराठीत हवीत, मागचे आकडे पडद्यावर दिसले पाहिजेत, अशा मागण्या वाढत गेल्या आणि प्रोग्रॅम त्या जुन्या जागेत मावेना. तेव्हा मी तो नव्याने लिहिला, प्रोटेक्टेड मोडमध्ये चालणारा. नवीन ऑपरेटिंग सिस्टीम, मोठी मेमरी, रंगीत पडदा. अण्णांनी, म्हणजे आपल्या चेअरमननी, माझ्या खांद्यावर शाल टाकली. नारळ दिला. आईनं ती शाल अजून ठेवलीय.

नव्या पद्धतीत गोष्ट वेगळी होती, आणि ती मला माहीत होती. तिथं प्रोग्रॅमला जो पत्ता दिसतो तो खरा नसतो. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोग्रॅमला वाटू देते की ही सगळी सलग जागा तुझीच. प्रत्यक्षात ती चार-चार हजार बाइटचे तुकडे करते, नेमके चार हजार शहाण्णव, आणि हा तुकडा इथं, तो तुकडा तिथं, जिथं मोकळं असेल तिथं ठेवते. कुठलं कुठं आहे ते तिच्या तक्त्यात असतं. प्रोग्रॅमला त्याचा त्रास होत नाही, कारण त्याचा प्रत्येक पत्ता त्या तक्त्यातून जातो. पण माझं कार्ड तो तक्ता बघत नव्हतं. त्याला खरीच जागा लागायची.

तुला हे समजावताना मी काय सांगितलं होतं, आठवतं? आपण संस्थेच्या ओट्यावर बसलो होतो. मी म्हणालो, "शेषा, तुमच्या ऊसतोडवाल्यांच्या रेशनकार्डावर पत्ता गावचा. पण दिवाळीनंतर तुम्ही कुठं असता? मुकादम ठेवील त्या कारखान्यावर, त्या शिवारात, पाचटाची कोपी उभारून. तुमच्या घरी चिठ्ठी टाकून काय उपयोग? मुकादमाला विचारावं लागतं, हा माणूस आत्ता खरा कुठं आहे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मुकादम."

तू लगेच म्हणालास, "अन त्यो मदीच हलीवतो की. आठ दिवस हितं, मग म्हंतो चला दुसऱ्या फडात."

"म्हणून त्याला आधी सांगायचं, मी म्हणेपर्यंत ह्यांना हलवू नको. मग विचारायचं, कुठं ठेवलंय. तशी सोय असते त्यात."

"ऐकतो का तुजा मुकादम?"

"ऐकतो."

"आमचा न्हाई ऐकत बे," म्हणालास, आणि दोघंही हसलो.

म्हणजे मी ती जागा हलू नये म्हणून बांधून ठेवत होतो आणि खरा पत्ता विचारतही होतो. अडाणीपणानं चुकलो असतो तर सांगायला इतकं जड गेलं नसतं. मला नव्वद टक्के येत होतं आणि मी शंभर टक्के येतंय असं दाखवत होतो.

मग तो दुष्काळ आला. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला, कापूस हाताला लागला नाही, आणि ज्यांच्या दारात एखादी म्हैस होती ते सगळे संस्थेत दूध घालायला आले. आधी रांगेत पन्नासएक किटल्या असायच्या. त्या चौसष्ट झाल्या. त्यापुढं अण्णांनी सभासद घेणं थांबवलं. रांगेचा आपला रिवाज तुला ठाऊकच: वस्तीवार किटल्या लावायच्या, गावठाणातले आधी, मग मळ्यातले, सगळ्यात शेवटी डोंगराकडची वस्ती. गयाबाई त्या वस्तीतली. चार म्हशी, नवरा गेलेला, पहाटे निघून सगळ्यात लांबून चालत येणारी. तिची किटली शेवटची. चौसष्टावी.

आणि तिच्याच दुधात पाणी निघायला लागलं.

मशीननं सांगितलं, चौथा हिस्सा पाणी. मग चार दिवस चांगलं. मग पुन्हा चौथा हिस्सा. लोक म्हणायला लागले, बघा, अधूनमधून घालते, हुशार आहे. कधी कधी तिचं दूध घेऊन झालं की मशीनच अडकून बसायचं, पडदा गोठायचा. मी म्हणायचो व्होल्टेज आहे. बायका म्हणायच्या पांढऱ्या पायाची आहे. ती किटली घेऊन तशीच उभी राहायची, पदर दातात धरून.

तू अण्णांच्या तोंडावर बोललास, "अण्णा, गावाला तीन दिवसाला एक टँकर येतोय. तिच्या वस्तीवर त्योबी न्हाई. पियाला घागर न्हाई अन ती दुधात पाणी घालती व्हय? कुठून आणती?"

अण्णा म्हणाले, "ते तिला इचार. मशीनला काय तिचं वैर हाय?"

नियम असा होता की तीनदा पाणी निघालं की सभासदत्व रद्द. तिसऱ्या वेळी तू तिच्या किटलीतलं दूध घेतलंस, कपाटातली जुनी नळी काढलीस, ॲसिड घातलंस, आणि सगळ्यांसमोर हातानं तपासलंस. एक डोळा मिटून रेघ वाचलीस. म्हणालास, "झ्याक दूध हाय. गावात असं न्हाई कुणाचं."

त्याच आठवड्यात मीटिंग बसली. तू एक गोष्ट आधी मला येऊन सांगितली होतीस, तीही इथं लिहिली पाहिजे. तू म्हणालास, "मध्या, म्या आठ दिवस ध्यान ठिवलं. रांग पुरी भरली त्या दिवशीच तिचं पाणी निघतंय. एखादा गडी आला न्हाई, ती त्रेसष्टावी झाली, की दूध चांगलं. असं कावून?"

मी म्हणालो, "योगायोग आहे."

कसं म्हणालो असेन? मी तो क्षण कितीदा तरी उलटसुलट करून पाहिला. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, ही शपथ मी घेऊ शकतो. पण माहीत करून घ्यायला पाच मिनिटं लागली असती, आणि मी ती दिली नाहीत. कारण प्रश्न नळीवाल्यानं विचारला होता. माझं शिक्षण तुझ्या प्रश्नाखाली वाकायला तयार नव्हतं. हे मी आता स्पष्ट लिहितो, तू रागवलास तरी.

मीटिंगमध्ये तू उभा राहून सगळ्यांसमोर मला विचारलंस, "इंजिनेर, तू सांग. मशीन चुकू शकतंय का न्हाई?" गयाबाई दाराशी बसली होती. अण्णा, संचालक, सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "मशीन चुकत नाही."

अण्णा उठून म्हणाले, ह्या बाईनं संस्थेची फसवणूक केली आणि तपासनीस तिला सामील आहे. तिचं नाव कमी केलं. तुला कुणी काढलं नव्हतं. कॅन धुण्यावर ये म्हणाले होते. तू किल्ली काढून टेबलावर ठेवलीस आणि बाहेर गेलास. दहा वर्षांपूर्वी सोडलेला कोयता तू त्या साली परत हातात घेतलास. कंबर दुखत असताना.

आता तुझ्या जाण्याचा दिवस. ट्रॅक्टर मारुतीच्या पाराजवळ उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची टोपली, वर सुमनवहिनी बसलेल्या. मी आलो, कारण न येणं वाईट दिसलं असतं. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. तू बोललास. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पत्ता दे. चिठ्ठी टाकीन."

तू बिडी विझवलीस आणि म्हणालास, "मुकादम म्हंतो, पयल्या कोयत्याची कोपी कारखान्याच्या मागं हाय. बारा कोयते हायत टोळीत, बारा जोड्या. पर पयला तिथं हाय म्हणून बाकीचे त्याच्या शेजारीच असतील असं धरू नगंस. मागं एकदा म्या अन माजा भाऊ एका ट्रॅक्टरमदी गेलतो, एका गल्लीतले. त्याची कोपी माज्यापासून धा कोसावर टाकली व्हती. पयल्याचा पत्ता घिऊन दुसऱ्याला हुडकशील तर चिठ्ठी भलत्याच्याच हातात पडंल. दर कोयत्याचं येगळं इचारावं लागतं बघ."

शेषा, माझी चूक मला तिथंच, उभ्या उभ्या कळली.

कारण मी एकच विचारलं होतं. सगळ्या किटल्यांची रीडिंग ज्यात पडायची त्या माझ्या तक्त्याची सुरुवात कुठं आहे, एवढंच. पहिल्या तुकड्याचा खरा पत्ता घेतला आणि पुढचा तुकडा त्याला लागूनच असणार असं धरून चाललो. गल्लीतल्या घरांसारखा. प्रोग्रॅमला तो लागूनच दिसत होता ना.

माझ्या चेहऱ्यावर काय आलं, ते तू पाहिलंस का? हे मला कधीच कळणार नाही. तू माझ्याकडं बघत होतास एवढं नक्की. मग तू ट्रॅक्टरवर चढलास.

मी संस्थेत गेलो. दुपारची वेळ, सकाळचं दूध गेलेलं, संध्याकाळचं यायचं होतं, आत कुणी नव्हतं. प्रत्येक तुकड्याचा खरा पत्ता वेगवेगळा विचारून छापून घेतला. पहिला जिथं होता, दुसरा त्याच्या आसपासही नव्हता. मग हिशेब मांडला. एका किटलीची बत्तीस रीडिंग, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे चौसष्ट बाइट. चौसष्ट किटल्यांचे चार हजार शहाण्णव. नेमका एक तुकडा. पण मी तक्त्याच्या सुरुवातीला तारीख आणि सकाळ-संध्याकाळ लिहायला सोळा बाइट ठेवले होते. त्यामुळं सगळं सोळानं पुढं सरकलेलं. चौसष्टाव्या किटलीचे शेवटचे सोळा बाइट, म्हणजे बत्तिसातली शेवटची आठ रीडिंग, दुसऱ्या तुकड्यात पडायला हवी होती. कार्डानं ती पहिल्या तुकड्याच्या पुढच्या जागेत लिहिली, जी आपली नव्हतीच. दुसऱ्या कुणाची तरी होती. म्हणून मशीन अडकायचं. आणि आपल्या दुसऱ्या तुकड्यात जे आधी भरलेलं होतं तेच राहिलं.

काय भरलेलं होतं? संकलन सुरू होण्याआधी तू मशीनची नळी साध्या पाण्यानं धुवायचास. त्या पाण्याचं रीडिंग घेऊन मी ते सगळ्या तक्त्यात भरून ठेवायचो, शून्य धरायला. म्हणजे गयाबाईची चोवीस रीडिंग दुधाची, आणि आठ मशीन धुतलेल्या पाण्याची. मशीन म्हणालं चौथा हिस्सा पाणी. बरोबरच म्हणालं. ते पाणी संस्थेचं होतं.

मी आधी वीस बाटल्यांवर तपासणी केली होती. वीस. चौसष्टपर्यंत मोजायची गरज वाटली नव्हती.

अर्ध्या तासात दुरुस्ती झाली. प्रत्येक तुकड्याचं वेगळं विचारायचं, एवढंच. संध्याकाळी अण्णांना म्हणालो, थोडी सर्व्हिसिंग केली. ते म्हणाले, बरं केलं. गयाबाईच्या जागी त्याच संध्याकाळपासून नवा सभासद घेतला होता, त्याची किटली चौसष्टावी आली, दूध चांगलं निघालं. अण्णा सगळ्यांना म्हणाले, "बगा, बाई गेली अन पाणी गेलं." मी पडद्याकडं बघत बसलो.

का बोललो नाही? मी स्वतःला खूप कारणं दिली. शेजारच्या दोन संस्था तेच मशीन घेणार होत्या. आईचं वय झालेलं. तू हंगाम संपल्यावर येशील तेव्हा सांगू. ही सगळी खरी आहेत आणि एकही कारण नाही. मला वाटतं, ज्या गावानं मला पहिल्यांदा कुणीतरी मानलं त्या गावात मला परत कुणी नसलेला व्हायचं नव्हतं. एवढंच असेल. इतक्या लहान गोष्टीसाठी माणूस इतकं करतो का, हेही मला समजत नाही.

तू चैत्रात परत आलास. वाळला होतास. टपरीवर तूच माझ्या समोर येऊन बसलास. विचारलंस, "मशीन कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

"रांग भरली तरी?"

"हो. भरली तरी."

तू बशीतला चहा फुंकलास आणि म्हणालास, "मग बरं झालं." आणि पावसाविषयी बोलायला लागलास.

हे 'बरं झालं' मी इतकी वर्षं सोबत घेऊन फिरतोय. तुला सगळं कळलं होतं आणि तू मला बोलायला जागा करून दिली होतीस? का तू फक्त मशीनविषयी विचारलंस, जसं कुणीही जुन्या कामाविषयी विचारेल? कोप्यांची ती गोष्ट तू चिठ्ठीसाठी सांगितलीस का माझ्यासाठी? कधी वाटतं, तू जाणूनबुजून सांगितलीस, मला सगळ्यांसमोर खाली न पाडता. मग तुझ्या चांगुलपणाचा मला राग येतो. ओरडला असतास, कॉलर धरली असतीस, तर मी बोललो असतो. कधी वाटतं, तुला काहीच ठाऊक नव्हतं, आणि मी तुला उगाच संत करून माझं ओझं हलकं करतोय. दोन्ही तितकीच खरी वाटतात. एकाच दिवशीसुद्धा.

तुझ्या दहाव्याला गयाबाई आली होती. खूप म्हातारी झालीय. नाव कमी झाल्यावर तिनं खव्याची भट्टी टाकली, हे तुला माहीत होतं. तूच तिला कढई आणून दिली होतीस म्हणे, ते मला तिथं कळलं. घाट कोरडा होता. कावळ्याची वाट बघत सगळे बसले होते. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. तुकडे, पत्ते, सोळा बाइट काही नाही सांगितलं. एवढंच म्हणालो, "मावशी, तुमच्या दुधात पाणी नव्हतं. चूक माझी होती. मला तेव्हाच कळलं होतं."

ती पाण्याविना पडलेल्या वाळूकडं बघत होती. मग म्हणाली, "माज्या दुदात पानी न्हवतं, ह्ये मला कावून सांगतूस? मला काय ठावं न्हवतं?"

मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं,

"शेषाभाऊला सांगितलंस का?"

"नाही."

"कवाच न्हाई?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "संस्थेची सभा कवा हाय?"

मी म्हणालो, येत्या सोमवारी.

"मला चोर म्हनले तवा समदी बसली व्हती. तिथं बोल. हितं माज्या कानात बोलून काय व्हणार?"

काल ती सभा झाली. ती नातसुनेला घेऊन रिक्षानं आली आणि मागच्या सतरंजीवर बसली. सुमनवहिनींना मी आदल्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा ठेवला नाही, आणि सभेला आल्या नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. आयत्या वेळचे विषय निघाले तेव्हा मी उभा राहिलो. निम्मे सभासद त्या वेळी लहान पोरं होती. एक जण म्हणाला, "कोणतं मशीन, काका?" ते मशीन कधीच भंगारात गेलंय. दुसरा मोबाइल बघत होता. अण्णा पुढं खुर्चीत, ऐकू कमी येतं त्यांना, पण तुझं नाव ऐकू आलं. म्हणाले, "मेल्या माणसाचं आता कशाला उकरायचं?"

मागून गयाबाई म्हणाली, "अण्णा, तुमी उभं राहून बोलला व्हता. आता बसून ऐका."

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. मी शेवटपर्यंत सांगितलं. झाल्यावर आताचे अध्यक्ष म्हणाले, नोंद घेऊ, पुढचा विषय घ्या. गयाबाई म्हणाली, "पुडचा इषय मागनं. आदी लिवा."

नव्या सचिवानं प्रोसिडिंग बुक उघडलं आणि लिहिलं. चांगलं अक्षर आहे पोराचं. वाचून दाखवलं: 'दिवंगत तपासनीस शेषेराव यांनी हाताने केलेली तपासणी बरोबर होती. श्रीमती गयाबाई यांच्या दुधात पाणी नव्हते. तांत्रिक कारणामुळे चुकीची नोंद झाली असावी.'

सगळ्यांनी माना हलवल्या. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं, झालं ना, अशा अर्थानं. मला क्षणभर वाटलं, झालं. बसावं. वाक्य नीट होतं, कुणाला लागणारं नव्हतं, तू असतास तर कदाचित तूही म्हणाला असतास, राहू दे. का नसतास म्हणाला? गयाबाई माझ्याकडं बघत नव्हती.

मी म्हणालो, "'असावी' खोडा. 'झाली' लिहा."

त्यानं खोडलं.

"'तांत्रिक कारणामुळे' पण खोडा."

"मग काय लिहू, सर?"

"माझ्यामुळे."

त्यानं पेन थांबवून विचारलं, "पूर्ण नाव?"

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट.